मुलांना रुग्णालयाबाहेर शिरेतून प्रतिजैविके : प्रस्तावना

हाडाच्या जंतुसंसर्गाने भरती झालेल्या मुलाचा ताप योग्य औषध मिळाले की बहुधा चार-पाच दिवसांत उतरतो. दुखरा पाय हलू लागतो, भूक परत येते आणि पुढच्या आठवड्यात ते मूल सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डभर हिंडताना दिसते. आजार मात्र संपलेला नसतो. औषध तीन-चार आठवडे चालायचे असते आणि काही मुलांत ते पुढेही शिरेतूनच द्यावे लागते. अशा मुलाला रुग्णालयातून हवे असते ते वेळेवर पडणारे औषध आणि त्याच्यावर असणारी जाणती नजर. खाट, रात्रीचा गोंगाट, शेजारच्या मुलाचा खोकला आणि रांगेतला जेवणाचा डबा यांची त्याला गरज उरलेली नसते. औषध आणि नजर खाटेपासून सोडवून मुलाच्या घरापर्यंत किंवा घराजवळच्या दवाखान्यापर्यंत पोचवणे, एवढीच या उपचारपद्धतीची व्याख्या. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर मंडळी तिला ‘ओपॅट’ म्हणतात. इथेही सोयीसाठी तेच नाव वापरले आहे.

ही पद्धत आज मोठ्यांसाठी जास्त वापरली जात असली तरी तिचा उगम बालरुग्णांत आहे. 1974 मध्ये रकर आणि हॅरिसन या अमेरिकी डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या मुलांना घरीच शिरेतून औषधे दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. या मुलांच्या फुप्फुसात घट्ट कफ साठतो, त्यात जंतू ठाण मांडतात, आणि दर काही महिन्यांनी दोन-दोन आठवडे शिरेतून प्रतिजैविके घ्यावी लागतात. बालपणाचा मोठा तुकडा वॉर्डात जायचा. तो वाचवण्यासाठी ही वाट शोधली गेली. पुढे हाडे-सांध्यांचे संसर्ग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, मूत्रपिंडाचा संसर्ग, त्वचेखालच्या ऊतींची सूज अशा आजारांत ती रुळली. ब्रिटनमध्ये मुलांच्या ओपॅटसाठी स्वतंत्र कार्यपद्धती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, कारण मोठ्यांचे नियम मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे तोवर पुरते ध्यानात आले होते.

महाराष्ट्राने या विषयाला एक वेगळी जोड दिली आहे. ती शिरेतल्या औषधाची नसून स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाची आहे, तरी प्रश्न तोच होता : रुग्णालय पोचत नाही तिथे प्रतिजैविक पोचवता येईल का? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 ते 1998 या काळात 39 गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाला जंतुदोषाची लक्षणे दिसली आणि आईबाप रुग्णालयात न्यायला तयार नसले, की आरोग्यदूत घरी जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने दुसरे औषध देई. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तर लहान बाळांच्या गंभीर संसर्गावर घराजवळ उपचार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये काढली. दोन्ही गोष्टींतला फरक मात्र विसरता कामा नये. गडचिरोलीत घरचा उपचार होता तो रुग्णालय मिळत नव्हते म्हणून. ओपॅटमध्ये रुग्णालय आधी मिळालेले असते, निदान पक्के झालेले असते, आणि मूल स्थिरावल्यावरच ते बाहेर पडते.

ओपॅटचा विचार करताना विचारायचा पहिला प्रश्न ‘घरी कसे द्यायचे’ हा नव्हे. शिरेतून द्यायलाच हवे का, हा आहे. इंजेक्शन गोळीपेक्षा जोरकस, सलाइन त्याहून जोरकस, ही समजूत आपल्याकडे रुग्णांइतकीच डॉक्टरांतही मुरलेली आहे. पुष्कळ प्रतिजैविके आतड्यांतून चांगली शोषली जातात. मूल खात-पीत असेल, उलट्या नसतील, रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी चाचणी झपाट्याने उतरत असेल, तर तोंडाने दिलेले औषध तेच काम करते. फिनलंडमध्ये हेइक्की पेल्टोला आणि सहकाऱ्यांनी हाडांच्या संसर्गाच्या मुलांना पहिले दोन ते चार दिवसच शिरेतून औषध दिले, मग तोंडाने, आणि एकूण 20 दिवसांचा उपचार बहुतेकांना पुरला. अमेरिकेतल्या 36 रुग्णालयांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. हाडाचा संसर्ग घेऊन घरी गेलेल्या मुलांपैकी निम्म्यांना तोंडाने औषध होते, निम्म्यांना दंडातून हृदयाजवळ नेलेल्या लांब नळीतून. उपचार फसण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, 5 आणि 6 टक्के. पण नळी असलेल्यांपैकी 15 टक्के मुलांना केवळ त्या नळीच्या तक्रारीमुळे पुन्हा रुग्णालय गाठावे लागले. म्हणून चांगल्या ओपॅट पथकाकडे आलेल्या चिठ्ठ्यांपैकी काही ‘गोळीवर न्या’ असा शेरा मारून परत जातात, आणि ते त्या पथकाचे यश समजावे.

शिरेला पर्याय नाही अशी मुले तरीही उरतातच. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील तर चार ते सहा आठवडे रक्तात औषधाची उंच पातळी लागते. मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात तोंडाचे औषध हवे तितके आत पोचत नाही. तिथे धोक्याचे पहिले दिवस वॉर्डात काढून उरलेल्या दिवसांपुरतेच घर. कधी जंतू इतके निर्ढावलेले असतात की त्यांच्यावर चालणारे एकही औषध गोळीच्या रूपात मिळत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गात हे चित्र आपल्याकडे वारंवार दिसते. विषमज्वराच्या काही मुलांना दहा ते चौदा दिवस सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक शिरेतून द्यावे लागते, आणि ताप उतरायलाच चार-पाच दिवस लागत असल्याने आईबाप व डॉक्टर दोघांच्याही धीराची परीक्षा होते.

मग मूल योग्य आहे का ते पाहायचे. संसर्ग आटोक्यात आलेला, ताप उतरलेला किंवा उतरणीला लागलेला, पू असेल तर काढलेला, खाणेपिणे चालू. अगदी लहान तान्ह्या बाळांना सहसा वगळतात, कारण त्यांची तब्येत तासाभरात पालटते आणि लक्षणे मोघम असतात. मुलाइतकेच घर तपासावे लागते, आणि हा भाग मोठ्यांच्या ओपॅटमध्ये इतका अवघड नसतो. औषध घेणारा आणि त्याची जबाबदारी पेलणारा इथे वेगवेगळे असतात. घरात दिवसरात्र थांबणारे एक तरी मोठे माणूस आहे का, फोन लागतो का, रात्री दोन वाजता वाहन मिळेल का, रुग्णालय किती अंतरावर, पाणी स्वच्छ आहे का? आई रोजंदारीवर जात असेल तर दुपारचा डोस कोण पाहणार? हे प्रश्न चौकशीच्या सुरात विचारले की घरचे लोक सगळ्याला होकार देतात, कारण घरी जायची घाई त्यांनाच अधिक असते. अनुभवी सिस्टर म्हणूनच ‘आहे ना?’ असे विचारत नाही. ‘कोण थांबतं? काल रात्री कोण होतं?’ असे विचारते.

औषध देण्याच्या तऱ्हा तीन. मूल रोज दवाखान्यात येऊन औषध घेऊन जाते, किंवा परिचारिका रोज घरी येते, किंवा आईबापांनाच शिकवून तयार केले जाते. ऑस्ट्रेलिया-ब्रिटनमध्ये दुसरी तऱ्हा रूढ आहे, आणि ज्या मुलांना वर्षानुवर्षे उपचार लागतो त्यांच्या घरी तिसरी. आपल्याकडे पहिली चालते. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञाच्या नर्सिंग होममध्ये सकाळी दहा वाजता मनगटाला पट्टी बांधलेली चार-पाच मुले बाकावर बसलेली असतात. त्याला कोणी ओपॅट म्हणत नाही. ‘डे केअर’ म्हणतात, किंवा नुसते ‘इंजेक्शनला यायचंय’ असे सांगतात.

याच प्रथेची एक काळी सावलीही आहे. तीन दिवस ताप, रक्ताची कसलीही तपासणी नाही, जंतूंच्या वाढीची तपासणी तर नाहीच, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ सेफ्ट्रायॅक्सोन. इंजेक्शन कंपाउंडर देतो, नोंद कागदाच्या चिटोऱ्यावर, आणि ताप उतरला की मूल यायचे बंद होते. बाहेरून पाहिले तर हाही रुग्णालयाबाहेरचा शिरेवाटे उपचारच. फरक एवढाच की याला निदान नाही, कालावधी नाही आणि मालकही नाही. सेफ्ट्रायॅक्सोन 2014 पासून ‘एच-1’ या कडक अनुसूचीत आहे. औषध विक्रेत्याने त्याची वेगळी नोंदवही ठेवायची असते. कायदा औषधाच्या बाटलीपाशी पोचतो, पण कोणाच्या शिरेत ती कशासाठी गेली तिथवर तो पोचत नाही. ओपॅटची शिस्त आपल्याकडे आणायची ती नवी सोय म्हणून कमी आणि या अस्ताव्यस्त सवयीला वळण म्हणून अधिक.

औषधाची निवड दोन गोष्टी जुळवून होते : जंतूला लागू पडणारे आणि दिवसातून शक्यतो एकदाच द्यावे लागणारे. सेफ्ट्रायॅक्सोनची लोकप्रियता या दुसऱ्या गुणात आहे. ते रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहते, म्हणून हळूहळू बाहेर पडते आणि एका डोसात दिवस निघतो. टायकोप्लॅनिन आणि अमिकासिन हीही दिवसातून एकदा देता येतात. उलट, हाडांतल्या स्टॅफिलोकोकस जंतूवर नेमका मारा करणारे क्लोक्सासिलिन दर सहा तासांनी द्यावे लागते. इथे मोह होतो तो सोयीसाठी व्यापक मारा करणारे औषध निवडण्याचा. अरुंद पल्ल्याचे औषध वॉर्डात, रुंद पल्ल्याचे घरी, असा हा व्यवहार असतो. प्रत्येक वेळी तो तोट्याचाच असतो असे नाही, पण तो व्यवहार आहे याची जाणीव हवी. श्रीमंत देशांत यावर फुगापंपाचा तोडगा आहे. कडक बाटलीच्या आत रबरी फुगा औषधाने भरलेला असतो, तो आकसत आकसत चोवीस तास थेंबथेंब औषध ढकलतो. वीज लागत नाही, आवाज नाही, कमरेच्या पिशवीत घालून मूल शाळेतही जाते. पण कित्येक औषधे द्रावणात फार काळ टिकत नाहीत. मेरोपेनेम आणि अँपिसिलिन उष्णतेत लवकर नासतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांवर जातो आणि फ्रीज असला तरी दुपारी वीज जाते. अशा घरासाठी परदेशी तक्त्यातले टिकाऊपणाचे तास जसेच्या तसे धरून चालत नाहीत.

मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि बाटल्या मात्र मोठ्यांच्या मापाच्या असतात. 14 किलोच्या मुलाला किलोमागे 50 मिलिग्रॅम म्हणजे 700 मिलिग्रॅम सेफ्ट्रायॅक्सोन, आणि बाटली एक ग्रॅमची. भुकटीत 10 मिलि पाणी घातले की द्रावण 10 मिलिपेक्षा थोडे अधिक होते, कारण भुकटीलाही जागा लागते. प्रौढाला पूर्ण बाटली देताना या फरकाने काही बिघडत नाही. मुलासाठी भाग काढताना तो हिशेबात धरावा लागतो. उरलेले 300 मिलिग्रॅम फेकून द्यायचे असतात. विकत आणलेले औषध फेकायला जीव होत नाही, ते उद्यासाठी फ्रीजच्या दारात जाते, आणि एकदा सुई टोचलेल्या बाटलीत जंतू शिरण्याची वाट तिथे उघडते. सेफ्ट्रायॅक्सोनबद्दल आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. कॅल्शियम असलेल्या सलाइनबरोबर, म्हणजे रिंगर लॅक्टेटबरोबरही, ते मिसळू नये. नवजात बाळांत ही जोडी जिवावर बेतली आहे. आणि स्नायूत देण्यासाठी लिडोकेन घालून बनवलेले द्रावण शिरेत कधीही जाऊ नये.

शिरेतली वाट हा या उपचाराचा सर्वांत नाजूक दुवा. हातावरची छोटी सुई, म्हणजे वॉर्डाच्या भाषेतले ‘इंट्राकॅथ’, लहान मुलांत बहुधा पिवळ्या किंवा निळ्या टोपीचे असते. ते दोन-तीन दिवस टिकते, कधी चार. तीन-चार दिवसांच्या उपचाराला तेच उत्तम. आठवडा-दोन आठवडे लागणार असतील तर दंडापर्यंत जाणारी मध्यम लांबीची नळी, आणि त्याहून जास्त काळासाठी दंडातून थेट हृदयालगतच्या मोठ्या शिरेत पोचणारी ‘पिक लाइन’. कर्करोगाच्या मुलांना छातीच्या कातडीखाली नळीला जोडलेली छोटी डबी, म्हणजे ‘पोर्ट’, अनेकदा आधीच बसवलेला असतो. नळी जितकी खोल, तितकी ती टिकते आणि तितकाच तिच्यातून होणारा संसर्ग गंभीर. मुलांची सवय वेगळी : ओढतात, चावतात, मातीत हात घालतात. कोपरापासून मनगटापर्यंत सुती जाळीचा मोजा चढवून नळी झाकली की तिची आठवण कमी होते, असे परिचारिका सांगतात. टोचण्याआधी तासभर बधिर करणारे मलम लावले तर पुढच्या प्रत्येक भेटीतला आरडाओरडा वाचतो. हा खर्च क्षुल्लक आहे, आणि तरी तो सर्रास टाळला जातो.

घरी नळी हाताळणाऱ्याला शिकवायचे ते थोडे पण अढळ असते. साबणाने हात धुणे, नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासून वाळू देणे, औषधाआधी आणि नंतर सलाइनने नळी धुणे. नळी तुंबली तर जोर लावायचा नाही. छोट्या सिरिंजने जोर लावला की दाब इतका चढतो की नळी आत फुटू शकते, म्हणून लांब नळ्यांना 10 मिलिची सिरिंज वापरतात, औषध दोनच मिलि असले तरी. नळी धुतल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला तर तो नळीतला संसर्ग समजावा आणि वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सुईच्या जागी लाली, कडकपणा, फुगणे, मानेला किंवा दंडाला सूज, अंगावर गांधी, पातळ जुलाब, या खुणा चित्रांसह मराठीत छापून भिंतीवर लावता येतात. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात जाऊ नयेत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे त्यांना भोक न पडणारा पांढरा डबा लागतो, आणि तो भरला की रुग्णालयाने परत घ्यावा.

कुठल्याही औषधाचा पहिला डोस घरी देऊ नये. तो देखरेखीखाली झाला तरी पुढच्या डोसाला तीव्र ॲलर्जी येणारच नाही असे सांगता येत नाही. म्हणून घरी जाणाऱ्या परिचारिकेच्या पिशवीत ॲड्रेनालिन असते : एका मिलित एक मिलिग्रॅम असलेले, वजनाच्या दर किलोला 0.01 मिलि, मांडीच्या स्नायूत. आठवड्यातून एकदा रक्तातल्या पेशी, मूत्रपिंड, यकृत आणि सीआरपी पाहतात. पेनिसिलिन गटाची औषधे दोन-तीन आठवड्यांवर गेली की पांढऱ्या पेशी घसरू शकतात, सेफ्ट्रायॅक्सोनने पित्ताशयात गाळ साचतो, अमिकासिन कान आणि मूत्रपिंडाला बाधते. हे अहवाल कोणाच्या टेबलावर येतात, हा कळीचा मुद्दा. वॉर्डातल्या मुलाचा अहवाल फाइलमध्ये पडतो आणि सकाळच्या फेरीत कोणीतरी पाहतो. घरी गेलेल्या मुलाचा अहवाल बापाच्या मोबाइलवर येतो आणि तिथेच राहतो. म्हणून शिस्तशीर केंद्रांत बाहेर असलेल्या मुलांचीही आठवड्याला ‘फेरी’ होते. खाटा नसतात, पण बालरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, औषधतज्ज्ञ आणि परिचारिका नावानिशी एकेका मुलाची फाइल उघडतात, आणि प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारतात : आज हे थांबवता येईल का? खाट बाहेर गेली तरी जबाबदारी रुग्णालयाकडेच राहते, याची ही व्यवहारातली खूण.

एवढी व्यवस्था असली तर उपचार किती सुरक्षित, याचे चांगले उत्तर मेलबर्नमध्ये मिळाले. तिथल्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये त्वचेखालच्या संसर्गाच्या 188 मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला घरी रोज एकदा सेफ्ट्रायॅक्सोन, दुसऱ्याला वॉर्डात सहा-सहा तासांनी फ्लुक्लोक्सासिलिन. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घरच्या गटात 2 टक्के आणि रुग्णालयाच्या गटात 7 टक्के मुलांत उपचार अपुरा पडला. मूल सहा महिन्यांहून मोठे होते, आजार एकच होता आणि दारात परिचारिका रोज येत होती, हे मात्र हे आकडे उचलताना विसरू नये.

परिचारिका येणे आपल्याकडे अडते ते पैशापाशी. आरोग्य विम्याच्या रूढ व्याख्येत भरती म्हणजे किमान सलग 24 तास. रोज अर्धा तास येऊन औषध घेणाऱ्या मुलाचा खर्च त्यात सहसा बसत नाही. परिणामी तब्येतीने घरी जाऊ शकणारे मूल विम्यासाठी वॉर्डात राहते, खाट अडते, आणि वॉर्डातले निर्ढावलेले जंतू त्याला मिळण्याची शक्यता दिवसागणिक वाढते. सरकारी रुग्णालयात विम्याचा अडसर नाही, पण तिथे घरी जायला परिचारिकाच नाहीत. दोन्हीकडे मधली वाट एकच दिसते : तालुक्याच्या दवाखान्यात रोजची फेरी, मोठ्या रुग्णालयाने लिहून दिलेला उपचार, आणि दोघांमध्ये एक नोंदवही.

त्या नोंदवहीत सुरुवातीलाच लिहायचे असते ते संपण्याचे : शेवटच्या डोसाची तारीख, आणि नळी काढण्याची. औषध संपले तरी ‘असू द्या, लागली तर’ म्हणून ठेवलेली नळी ही संसर्गाला दिलेली निव्वळ मोकळीक. नळी काढल्यावर तिचे टोक अखंड आहे का ते पाहतात, पट्टीने लांबी मोजतात आणि घालताना लिहिलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहतात. आकडे जुळले की सही होते, आणि ती फाइल मिटते.